वाळवंटात सडा

‘वाळवंटाचे भूशास्त्र आणि जीवशास्त्र’ या विषयावर शिक्षकांसाठी क्षेत्र-प्रशिक्षण निघालं, तेव्हा जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत वाळवंट नाही, ही गोष्ट कोणी वर कळवली नाही. वरून आलेलं खाली राबवायचं, एवढंच आम्ही नोकरीत शिकलो. मग वाळवंटाचा शोध सुरू झाला. उन्हाची अडचण नव्हती. भुसावळचं मे महिन्यातलं ऊन कुठल्याही वाळवंटाला उसनं देता येईल. अडचण वाळूची होती. तापीतली बरीचशी वाळू डंपरांनी कधीच इमारतींच्या भिंतींत नेऊन बसवली. शेवटी वरणगावच्या पुढे नदीच्या एका वळणावर डंपरला वाट नव्हती म्हणून उरलेला एक पट्टा सापडला. देवाची कृपा, दुसरं काय!

गटप्रमुख हिलाल सर. आवाज कवायतीचा. वाळूत उतरताच ते म्हणाले, "हाई काय वाळवंट शे का? एक उंट नही!"

"उंट मंजूर नाहीत, भाऊ," उर्दू शाळेचे नासीर सर म्हणाले. "तुम्हीच पुढे चाला, आम्ही मागून येतो."

पुस्तिकेत तीन कामं दिली होती. वाऱ्याने वाळूवर उठवलेल्या लाटा पाहायच्या, प्राण्यांच्या पावलांचे माग ओळखायचे आणि कोरड्या मुलखातला जीव उन्हाशी कसा जुळवून घेतो ते टिपायचं. ही पुस्तिका खरोखर वाचलेली व्यक्ती आमच्यात एकच, धुळ्याच्या मयुरी मॅडम. बाकीचे आम्ही पुस्तिकेने वारा घेत होतो.

पहिल्याच सकाळी मयुरी मॅडमना खड्यांमध्ये टिटवीची अंडी सापडली. चार होती, रंग हुबेहूब खड्यांचा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून नुसती ओरडत होती. मॅडमनी चटकन नदीतले गोटे वेचले आणि अंड्यांभोवती गोल रचून ठेवला, कोणाचा पाय पडू नये म्हणून.

"माझ्या वर्गातली पोरं विचारतील, वाळवंटात काय पाहिलं," त्या पितांबर सरांना म्हणाल्या. "त्यांना हे सांगायचंय मला. पण पिलं निघेपर्यंत अंडी राहिली पाहिजेत हो, सर."

"राहतील ताई," पितांबर सर म्हणाले. "ठेवणारा वर बसलाय."

पितांबर सर शाळेत भूगोल शिकवतात आणि सप्ताहात कीर्तन करतात. भूगोलाच्या तासाला पोरं पेंगतात, पण कीर्तनाला तीच पोरं पहिल्या रांगेत असतात. आमच्या भागात रीत आहे: बुवा उभे राहिले की आरती होईपर्यंत मधून कोणी जात नाही. पुढारी आला तरी चपला काढून मुकाट बसतो. सरांच्या कीर्तनात तर उठावंसंच वाटत नाही. मी बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

शेवटच्या दिवशी साहेब तपासणीला येणार असा निरोप आला आणि आमचं सगळं शास्त्र वाऱ्यावर गेलं. साहेब येणार म्हटलं की शिक्षकाच्या हाताला आपोआप झाडू लागतो. हिलाल सरांनी उजाडायच्या आत बठ्ठं, म्हणजे अख्खं वाळवंट झाडून घेतलं. टँकरने सडा टाकला. मंडपापुढे रांगोळी निघाली. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा ओढल्या. मयुरी मॅडम आणि पितांबर सर यांना साहेबांना आणायला फाट्यावर पाठवलं होतं, आणि तेवढ्यात घोटाळा झाला. दगडांचा गोल दिसला की शिक्षकाला दोनच गोष्टी सुचतात, झेंडा किंवा झाड. झेंड्याला खांब नव्हता. मग त्या गोट्यांना चुना फासला, शेजारी कडुनिंबाचं रोप ठेवलं, कुदळीला रिबीन बांधली. साहेबांच्या हस्ते वृक्षारोपण! आत कोणी वाकून पाहिलंच नाही. मीही नाही, माझ्या हातात चुन्याची बादली होती.

साहेब आले. गळ्यात हार पडला.

"वाळूच्या लाटा कुठायत?"

"झाडून घेतल्या, साहेब," हिलाल सर म्हणाले.

"आणि प्राण्यांचे माग?"

"तेबी झाडले. सोच्छतेत आपली हयगय नही."

"वा! वाळवंट असावं तर असं नीटनेटकं."

मयुरी मॅडमची नजर त्या पांढऱ्याशुभ्र गोलावर गेली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "हिलाल सर, ते आळं नाही हो! आत अंडी आहेत!"

"माय व!" हिलाल सरांनी कपाळाला हात लावला. "आते काय करानं? साहेबना फोटो तठेच शे."

मॅडम थेट साहेबांपुढे गेल्या. "साहेब, तिथे टिटवीची अंडी आहेत."

साहेबांच्या कानाला फोन होता. "हो हो, घ्या करून," ते म्हणाले आणि कुदळ हातात घेऊन निघाले. फोटोवाला उलटा चालत पुढे गेला. आम्ही साहेबांच्या मागे निघालो, कारण साहेबांच्या पुढे जायचं नसतं. टिटवी जीव तोडून ओरडत होती, आणि उघडी पडलेली अंडी उन्हात भाजत होती.

तेवढ्यात पितांबर सरांनी सत्काराची शाल स्वतःच्याच खांद्यावर टाकली आणि दोन चुन्याच्या रेघांमध्ये येऊन हात जोडून उभे राहिले.

"बोला पुंडलिक वरदे..."

तोंडं आपोआप उघडली. "हारी विठ्ठल!"

साहेबांचा पाय उचललेला तसाच राहिला. तेही आमच्याच भागातले. कुठल्या तरी माउलीने त्यांना लहानपणी मांडीवर घेऊन कीर्तनाला बसवलेलं असणार. त्यांनी फोन खिशात घातला, बूट काढले, आणि तापल्या वाळूवरून टुणटुण उड्या मारत मंडपाच्या सावलीत जाऊन बसले. त्यांच्यामागे आम्ही सगळे. नासीर सरांनी पाण्याच्या जारवर स्टीलच्या पेल्याने असा ठेका धरला की पखवाजवाला नाही हे ध्यानातही येईना.

पितांबर सर उन्हावर बोलू लागले. म्हणाले, ऊन सगळ्यांनाच लागतं, पण कोण कोणासाठी सोसतं ते पाहा. मग तिथेच जुळवलेली ओळ गायली:

"ऊन घेई पाठीवरी, माय तिचे नाव,
सावलीच्या आत नांदे लेकराचा गाव!"

माणसं लांब बसलेली पाहून टिटवी खाली आली. आधी पाण्याकडे गेली, पोटाची पिसं भिजवली, मग तुरुतुरु चालत पांढऱ्या गोलात शिरली आणि अंड्यांवर बसली. सरांच्या खांद्यावरून आम्ही सगळे तिकडेच पाहत होतो.

"ही काय करतेय?" साहेब हळूच म्हणाले.

"पोट भिजवून आणते, साहेब. अंडी गार ठेवते," मयुरी मॅडम म्हणाल्या. "पुस्तिकेतलं तिसरं काम."

साहेबांनी चष्मा पुसला. आरती होईपर्यंत टिटवी हलली नाही, आणि आम्हीही.

आरतीनंतर हिलाल सर कुदळ घेऊन चाचरत आले. "साहेब, तो फोटो..."

"दुसरीकडे खणा," साहेब बूट चढवत म्हणाले. "कीर्तनात बसलेल्याला उठवायचं नसतं."

कडुनिंब मंडपाशेजारी नदीच्या पात्रातच लावला. पुराचं पाणी आलं की तो जाणार, हे फोटोत दिसत नाही. अहवालात ‘वाळवंट हिरवे करण्यात आले’ असं गेलं. मयुरी मॅडम निघण्याआधी गोट्यांवरचा चुना पुसायला वाकल्या, तर पितांबर सरांनी त्यांना थांबवलं.

"राहू द्या ताई. पुढच्या तुकडीतही शिक्षकच येणारेत. चुना फासलेल्या दगडांच्या आत ते पाय ठेवायचे नाहीत. फक्त हिलाल भाऊंना सांगून ठेवा, तिथलं झाड लावून झालंय म्हणून."