बागेतल्या खोलीचं प्रयोजन

मला बागेत एक खोली हवी होती. दहा फूट बाय बारा, उत्तरेला मोठी खिडकी, ब्रश धुवायला एक सिंक आणि दाराला आतून कडी. कडीचं मुद्दाम सांगते, कारण सरकारी क्वार्टरमध्ये संसार केलेल्या बाईला बाथरूम सोडलं तर आतून कडी लावायची सवयच राहत नाही. मी झाडापानांची चित्रं काढते, जलरंगात. दिल्लीत मोतीबागेतलं क्वार्टर काय नि रामकृष्णपुरममधलं काय, बोर्ड जेवणाच्या टेबलावर मांडायचा आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की उचलायचा. पळसाच्या फुलाचा रंग वाळायच्या आत टेबलावर वरण आलेलं असायचं.

आमचे हे, म्हणजे गुणवंतराव, एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले. मग दिल्लीच्या द्वारका वस्तीपलीकडे, हरियाणाच्या हद्दीत, आम्ही प्लॉटवर छोटंसं घर बांधलं. मागे बरीच जागा उरली. मी म्हटलं, आता खोली.

"बिल्कुल," हे म्हणाले. "पण परमिशन घेऊन."

शेजारच्या खुरानांनी त्याच महिन्यात मागच्या अंगणात दोन खोल्या उठवल्या, कोणालाही न विचारता. "भाभीजी, पहले बना लो, बाद में पूछ लेंगे," ते मला कुंपणावरून म्हणाले. आमच्या घरात असलं बोलणं म्हणजे देव्हाऱ्यासमोर चप्पल घालून उभं राहणं. यांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या मसुद्यातले चुकीचे शब्द खोडण्यात गेली. खोटं तर राहोच, यांना ढोबळही खपत नाही. "दहा-बारा लोक आले होते" म्हटलं की हे विचारणार, "दहा की बारा?"

तर आम्ही रीतसर आर्किटेक्ट गाठली. उल्का तिचं नाव. दिल्लीत मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहायची आणि तिथूनच काम करायची. पोरगी हुशार होती. मी वहीत काढलेला नकाशा बघून म्हणाली, "काकू, खिडकी उत्तरेलाच ठेवू, दिवसभर उजेड सारखा राहील." मला इतकं बरं वाटलं की मी तिला दोनदा चहा पाजला.

घोडं अडलं ते प्रयोजनाच्या रकान्यात. फॉर्मवर चारच पर्याय होते: गॅरेज, गार्ड रूम, पंप रूम, सर्व्हंट रूम. बागेत बसून चित्रं काढायची खोली सरकारच्या डोक्यात आलेलीच नव्हती. उल्का म्हणाली, "काका, सर्व्हंट रूमवर खूण करू या. सगळे तेच करतात."

"आपल्याकडे सर्व्हंट आहे का?" यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

यांनी चारही पर्याय बाजूला ठेवून स्वच्छ अक्षरात लिहिलं: अर्जदाराच्या पत्नीच्या चित्रकलेसाठी. दीड महिन्याने नकाशे मंजूर करणाऱ्या ऑफिसातून पत्र आलं. चित्रकला हा व्यवसाय असल्यास निवासी प्लॉटवर चालणार नाही. शिवाय सिंक दाखवलं आहे, म्हणजे दुसरं स्वयंपाकघर करायचा इरादा दिसतो. यांनी सिंकवर दोन पानी उत्तर धाडलं. त्यात ब्रशची लांबीही दिली होती. सिंक सुटलं, पण व्यवसायाचं काही सुटेना. चित्रं विकली जात नाहीत याचं शपथपत्र द्या, असं दुसरं पत्र आलं.

हे खूश झाले. शपथपत्र म्हणजे यांच्या हातचा मळ. दोन दिवस बसून यांनी मसुदा केला आणि रविवारी दुपारी मला वाचून दाखवला.

"'मी, कुमुद, शपथेवर सांगते की चित्रकला हा माझा निव्वळ वेळ घालवण्याचा छंद आहे. माझ्या चित्रांना कोणतंही मूल्य नाही, आजवर नव्हतं आणि यापुढेही निर्माण होण्याची शक्यता नाही.' कसं वाटतं?"

"हे तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"विकलं गेलंय का कधी एखादं?"

"नाही."

"बस्स. मग फॅक्ट आहे ते."

"आणि यापुढचं?"

"अगं, त्यांना तशी हमी लागते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

छत्तीस वर्षांत माझ्या चित्रांबद्दल यांनी दिलेलं हे पहिलं मत, आणि तेही स्टॅम्प पेपरवर, तीन प्रतींत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही करणार नाही म्हटलं. हे बिचारे खरंच गोंधळले. एवढा नेटका मसुदा, त्यात मला दोष काय दिसला ते यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी मी उल्काला घेऊन स्वतः त्या ऑफिसात गेले. तिथल्या ज्युनियर इंजिनियरपुढे कोरा फॉर्म भरला आणि सर्व्हंट रूमवर खूण केली. त्याचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी त्याच्या ओळखीचं काहीतरी आलं होतं.

"नौकर है ना, माताजी?"

"है।"

"नाम?"

"कुमुद।"

आडनाव त्याने विचारलं नाही. नोकरांच्या रकान्यात आडनावाला जागाच नव्हती.

"काम?"

"खाना, झाड़ू, कपड़े। जो पड़े सो।"

"कब से?"

"छत्तीस साल से।"

"आजकल ऐसे लोग मिलते कहाँ हैं," तो कौतुकाने म्हणाला आणि सगळं लिहून घेतलं. उल्का खाली बघत होती. "मालिक के साइन करा लाइए. कल नक्शा पास."

प्लॉट यांच्या नावावर. घरी येऊन मी फॉर्म यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसले. खरं सांगते, मला तेव्हा ती खोली नको होती. मला एवढंच हवं होतं की यांनी फॉर्म वाचावा, चष्मा काढावा आणि म्हणावं, हे खोटं आहे, यावर मी सही करणार नाही. आयुष्यभर यांच्या खरेपणाचा जाच सोसला. एकदा तरी तो माझ्या बाजूने उभा राहील असं मला वाटलं.

यांनी फॉर्म वाचला. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून, सावकाश. नावापाशी थांबले. माझ्याकडे बघितलं. पुन्हा कामाचा रकाना वाचला. मग पेन उघडलं.

"एक चूक आहे," म्हणाले.

"कुठली?"

"छत्तीस नाही. फेब्रुवारीत सदतीस झाली."

यांनी छत्तीस खोडून वर सदतीस लिहिलं, खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली, आणि मग खाली, मालकाच्या जागी, मोठी.