आधी शेजारी बोलवा

आमच्या ह्यांचा कुलपांचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, भिंतभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या. ह्यांचा एक नियम आहे. कुणी "बाहेर अडकलोय, दार उघडून द्या" म्हणत आलं की हे हत्यारं घेऊन जातात, पण कुलपाला हात लावण्याआधी स्वतः शेजारची बेल वाजवतात. शेजाऱ्याने "हो, हे इथेच राहतात" म्हटलं तरच पुढचं काम. नव्यानं लग्न झालं तेव्हा एकदा मीच बाहेर अडकले होते, तर माझ्यासाठीही शेजारीण बोलावली. ते मी अजून विसरलेले नाही.

ज्या दुकानातून हे ऑनलाइन चाव्या मागवतात, त्यांचा सोमवारी मेसेज आला. आमच्याकडून ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांची माहिती चोरीला गेली आहे, ताबडतोब बँकेला कळवून कार्ड बदलून घ्या. हे मेसेज वाचून उठले आणि आधी दुकानाचं कुलूप बदललं. मग कपाटाचं. मग तिजोरीचं, आणि कार्ड तिजोरीत ठेवून धाडकन दार लावलं. "आता या म्हणावं!"

मी कपाळाला हात लावला. "अहो, कार्ड कुठे चोरलंय? त्याचा नंबर चोरलाय. तो तिजोरीत कसा कोंडणार?"

"असं होय? मग कर बँकेला फोन."

इथे मात्र माझं घोडं अडलं. लेकीचं पहिलं बाळंतपण, तेही इतक्या लांब. शनिवारी डॉक्टर तारीख सांगणार आणि त्याच कार्डावर आम्ही तिकिटं काढणार, असं जावयाशी ठरलेलं. कार्ड बंद झालं आणि मी वेळेवर पोहोचले नाही तर? लेक मला माफ करेलही, पण मी स्वतःला करणार नाही.

"तिकिटं निघेपर्यंत बँकेला काही कळवायचं नाही," मी ठणकावलं. ह्यांनी नेहमीसारखे हात टेकले.

गुरुवारी दुपारी फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणाला. आवाज गोड, ह्यांचं नाव पाठ, चाव्यांची शेवटची खरेदीसुद्धा ठाऊक. "काकू, तुमचं कार्ड कुणीतरी वापरतंय. आता ते बंद पडेल बघा. चालू ठेवायचं असेल तर मेसेजमध्ये आलेला आकडा पटकन वाचा."

बंद पडेल म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणीच पळालं. चष्मा लावला आणि वाचायला सुरुवातही केली.

"कोण आहे गं?" हे चाव्या कापायच्या मशीनवरून ओरडले.

"बँक! मध्ये बोलू नका, घाई आहे."

"घाई कुणाला, तुला की त्याला?" असं म्हणत ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, थांबा जरा. आधी शेजारी विचारतो."

"कसला शेजारी?"

"बँकेतलाच दुसरा कुणीतरी. कार्डाच्या मागे बँकेचा नंबर असतो, तिथे फोन करतो. तुम्ही खरे असाल तर ते सांगतीलच."

गोडवा तिथेच संपला. "मग बसा रडत!" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. आपण काय करून बसणार होतो, ते मला तेव्हा कळलं.

कार्ड काढायला गेलो तर तिजोरीची नवी चावी सापडेना. दुकान पालथं घातलं. शेवटी हे खाली मान घालून म्हणाले, "चावी आतच राहिली वाटतं. कार्डाजवळ."

हत्यारं काढून स्वतःचीच तिजोरी उघडायला बसले. घामाघूम झाले. "शेजारणीला बोलवू का?" मी विचारलं. इतकी वर्षं मनात होतं, ते एकदाचं फेडलं.

बँकेतल्या बाईने बोलता बोलता कार्ड बंद केलं. कुणीतरी खरंच त्यावर खरेदी करत होतं, पण पूर्ण आकडा न मिळाल्यामुळे ती अडली होती. नवं कार्ड येईल, तोवर जुनं स्टेटमेंट ओळ न् ओळ तपासा, न केलेली खरेदी दिसली तर लगेच कळवा, आणि त्या दुकानाच्या साइटवरचा पासवर्ड बदला, असं तिने बजावलं.

"आणि आमची तिकिटं?" माझा आवाज रडवेला झाला असावा.

"काकू, ती तुमच्या खात्यातून थेट काढा की. त्याला क्रेडिट कार्ड कशाला?"

माझा जीव भांड्यात पडला. हे मी सोमवारीच कुणाला तरी विचारायला हवं होतं. शनिवारी तारीख कळली आणि लगेच तिकिटं निघाली.

लेकीच्या दारावरची बेल मीच दाबली. आतून तिचा आवाज आला, "कोण आहे? आधी शेजारी बोलवा!" फोनवर सगळी हकीकत ऐकल्यापासून ती आमची टर उडवत होती.

"अगं, मी आहे, उघड!" मी ओरडले. तोवर ह्यांनी खरंच शेजारची बेल वाजवली होती.

दोन्ही दारं एकदमच उघडली. पोट सांभाळत लेक माझ्या गळ्यात पडली. शेजारीण आम्हाला निरखून बघत राहिली.

"आम्ही हिचे कोण, सांगता का?" ह्यांनी तिला गंभीरपणे विचारलं.

"आईबाबा," शेजारीण म्हणाली. "फोटो पाहिलाय मी. आठवडाभर ही रोज जिन्यात येऊन तुमची वाट बघतेय."