खुर्चीवरून दिसलेली खोली

मित्रांनो, माझ्या अंगावरून हात फिरवलात तर टाचण्यांची बारीक बारीक भोकं लागतील. कोपऱ्यांत तर इतकी, की मोजायला बसलात तर जेवणाची वेळ टळेल. मी एक जुना लाकडी ड्रॉइंग बोर्ड आहे. एका सुताराने मऊ लाकडाच्या पाच फळ्या जोडून मला घडवलं. मी वाकू नये म्हणून पाठीला दोन आडव्या पट्ट्या मारल्या. डाव्या कडेवर मात्र त्याने पुन्हा पुन्हा रंधा फिरवला. ही कड सरळ तर सगळं चित्र सरळ, असं तो म्हणायचा.

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका काकांकडे मी तीस वर्षं राबलो. त्यांचा हात इतका सफाईदार, की शेजारच्या टेबलावरची माणसं नुसती बघायला येत. मग कचेरीत संगणक आले, काका निवृत्त झाले आणि मी त्यांच्या घरी पाण्याच्या पिंपावरचं झाकण झालो. ज्या अंगावर घरंच्या घरं उभी राहिली, त्यावर ओली भांडी उपडी पडू लागली. माझी पाठ काळी पडली. मनही काळवंडलंच म्हणा.

तिथून मला उचललं काकांच्या पुतणीने. घराच्या खोल्या आतून कशा मांडायच्या, हे काम ती नुकतंच शिकली होती. तिने मला सावलीत वाळवलं, पॉलिश पेपरने घासलं. काकांनी आपली टी-पट्टी आणि त्रिकोणी गुण्ये तिच्या हातात दिले. पुन्हा माझ्यावर कागद ताणला गेला, तेव्हा माझ्या जीर्ण फळ्यांत नवा जीव आला!

तिचं पहिलं मोठं काम एका शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या खोलीचं होतं. जिन्यावरून पडल्यापासून मावशींचे पाय गेले होते. आता त्या चाकांच्या खुर्चीत बसत आणि मशीनकडे पाठ करून राहत. आईने पुन्हा शिवायला बसावं, एवढंच त्यांच्या मुलीचं म्हणणं होतं.

पुतणीने तीन चित्रं काढली. एक छतावरून खाली बघावं तसं, टोकदार पेन्सिलीने. दुसरं दारात उभं राहून, शाईच्या पेनाने. तिसरं कोपऱ्यातून, ब्रशने हलक्या सावल्या देऊन. रेषा अशा पळत जाऊन एका ठिपक्यात मिळत होत्या, की मलाच आत शिरावंसं वाटलं. मुलगी तर हरखून गेली. मावशींनी तिन्ही चित्रं नीट पाहिली आणि परत दिली.

“छान आहेत गं. पण ही खोली उभ्या माणसाची आहे.”

पुतणीचा चेहरा उतरला. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन परत आली आणि मावशींना म्हणाली, “मावशी, तासभर तुमची खुर्ची द्याल का मला?”

मावशी आधी चक्रावल्या. मग मुलीच्या आधाराने पलंगावर सरकल्या. पुतणी खुर्चीत बसली, तिने मला खुर्चीच्या दोन हातांवर आडवं ठेवलं आणि या वेळी कोळशाची कांडी घेतली. नजर हातभर खाली आली आणि काय सांगू, अख्खी खोली बदलली! कापड बेतायचं टेबल उभ्याने काम करायच्या उंचीचं. त्याचा वरचा भाग पट्टीएवढा चिंचोळा दिसू लागला. धाग्यांचं फडताळ डोंगरकड्यासारखं अंगावर आलं. आरशात फक्त छत. टेबलाखाली खण, त्यामुळे गुडघे आत जाईनात. पुतणीचा कोळसा भराभरा चालला होता आणि माझी फळी न् फळी थरथरत होती.

मावशींनी चित्र जवळ ओढून घेतलं. “अस्संच दिसतं मला,” त्या म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, “माझा खाकी कागद आण. आणि खडू.”

मित्रांनो, मी पेन्सिली पाहिल्या, शाई पाहिली, कोळसा पाहिला. पण कापडावर खुणा करायचा पांढरा खडू माझ्यावर कधीच चालला नव्हता. मावशींनी मला मांडीवर घेतलं आणि बाही बेतावी तशी आपली खोली बेतली. टेबल इतकं खाली, खण काढून टाकायचे, धागे हाताच्या टप्प्यात, मशीनला मोटर आणि तिची कळ कोपराने दाबता येईल अशी. हात कुठे अडला नाही. पुतणी शेजारी बसून मापं लिहून घेत होती. दोघींना चहाचीही शुद्ध नव्हती. मुलगी दारात उभी राहून डोळे पुसत होती.

महिन्याभरात गावातल्या एका सुताराने खोली तशीच करून दिली. पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं ते दुपारपर्यंत थांबलंच नाही. मग मावशींनी मला मागवून घेतलं आणि गळ्यातली टेप काढून माझ्या कडांना लावली. जन्मभर माझ्यावर दुसऱ्यांची मापं उतरली होती. माझं माप कुणी घेतलं ते त्या दिवशी. संध्याकाळपर्यंत जाड कापडाची पिशवी तयार झाली, आत अस्तर, बाहेर पेन्सिलींसाठी कप्पे.

आता मला ओल लागत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं काही झाकण होऊन पडलं असेल, तर आजच उचला, वाळवा, कामाला लावा. आणि मित्रांनो, कुणासाठी खोली काढाल, तेव्हा आधी त्याच्या जागी बसून पाहा. पेन्सिल त्यानंतर हातात घ्या.