तळ्यात उभी राहिलेली झाडं

ऑरिनने रानातल्या जागा मोजून आणलेली बेचाळीस मेपलची झाडं संगणकावरच्या नकाशात थेट तळ्यात उभी होती. टिल्डाच्या मनात पाल चुकचुकली. हा पठ्ठ्या रानात गेलाच नसणार, खोलीत बसून आकडे ठोकले असणार. आणि दोघांच्या पदवीच्या प्रकल्पात 'मोजणी जागेवर जाऊन केली' या वाक्याखाली सही तिलाही करायची होती. खोटं निघालं तर पदवी दोघांचीही हुकणार.

"काय रे, झाडं मोजायला होडीतून गेला होतास?"

"चेष्टा नको गं. गुडघाभर बर्फात चाललोय मी."

"बूट तर कोरडे दिसतायत."

"परवा गेलो होतो! वाळणार नाहीत का?"

त्याची लबाडी पकडायचीच, म्हणून टिल्डाने त्याने लिहिलेल्या खुणांवरून त्यातली तीन झाडं रानात शोधली आणि त्यांची जागा स्वतः मोजली. पहिलं त्याच्या आकड्यांत दोनशे मीटर दक्षिणेला सरकलेलं होतं. दुसरंही तेवढंच, त्याच दिशेला. तिसरंही. थापा मारणाऱ्याची चूक अशी शिस्तीत चालत नाही.

"जीपीएसचं यंत्र कुठलं नेलं होतंस?"

"आजोबांचं, शिकारीचं. कॉलेजची सगळी बाहेर गेली होती."

आजोबांच्या कागदी नकाशांशी जुळावं म्हणून ते यंत्र नकाशाच्या १९२७च्या जुन्या मोजमापावर लावलेलं होतं. वर्गात सगळे १९८३चं वापरत, आणि या दोन्हींत तीच जागा दोनशे मीटर दक्षिणोत्तर सरकलेली दिसे. टिल्डाने आकडे बदलून घेतले, तशी सगळी झाडं पाण्यातून निघून टेकडीवर जाऊन उभी राहिली.

तिने सही केली.

"बसला आता विश्वास?" ऑरिनने विचारलं.

"झाडांवर बसला. बुटांचं अजून बघायचंय."