उचगावच्या बाईची चटणी

चोरी करायची तर धड तरी करावी. स्वप्नालीला तेवढंही जमलं नाही.

विजयसिंहांच्या मसाला कारखान्यात ती कामाला होती. त्यांच्या कांदा-लसूण चटणीचं प्रमाण अमरसिंहाला हवं होतं. हातकणंगल्याच्या रस्त्याला त्याचाही कारखाना, पण माल खपत नव्हता. "प्रमाण आण, तुझ्या नवऱ्याला कामाला घेतो," असं त्यानं सांगितलं. नवरा घरी बसून होता, म्हणून ही तयार झाली. पण विजयसिंहांची आई, आक्काताई, मसाला दार लावून स्वतः भाजायची. फटीतून कुणाला बघू देईल तर शपथ! इकडे अमरसिंहाचा तगादा. शेवटी स्वप्नालीनं डोकं चालवलं आणि आपल्या आईच्या चटणीचं प्रमाण विजयसिंहांचं म्हणून त्याला देऊन टाकलं. कांदा उन्हात वाळवून भाजलेला, लसूण सालासकट, दगडफूल अगदी शेवटी. आपल्याच घरचं तर आहे, कुणाचं काय जातंय, असं तिला वाटलं. मोठी शहाणी!

ती चटणी तुफान खपली. नवरा कामाला लागला. सुटलो एकदाचे, म्हणून तिनं नारळही फोडला.

या उन्हाळ्यात अमरसिंहानं तिला बोलावून घेतलं.

"उचगावात कोण चिमणाबाई हाय. घरात चटणी करून इकती. चाखली मी. माझीच हाय की! तिलाबी प्रमाण इकलंस व्हय गं?"

"न्हाय मालक, आईशप्पथ!" ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

"ते मला सांगू नगं. तिची चटणी बंद पाड. न्हायतर तू काय केलंस ते विजयसिंहाला सांगतो, आन् तुझ्या नवऱ्यालाबी घरला घालवतो."

चिमणाबाई माझी आई आहे, एवढंच बोलायचं होतं. पण ते बोललं की याला फसवल्याचं उघड होणार, नवऱ्याची नोकरी जाणार, आणि तिचीही. ती मान हलवून बाहेर पडली.

रविवारी ती उचगावला गेली. कोरोनात चिमणाबाईची चव गेली ती परत आलीच नव्हती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात थोडी चटणी घरी कुटून ती लेकीला चाखायला द्यायची. लेकीनं मान डोलावली की मगच बाकीच्या मिरच्या कुटायला डंकावर जायच्या. अख्खी गल्ली तिला चटणीवाली मावशी म्हणायची, आणि म्हातारीला त्याचा फार अभिमान होता.

स्वप्नालीनं चिमूटभर जिभेवर ठेवली. चटणी अशी फक्कड जमली होती की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिखटामुळं असेल, असं आईला वाटलं.

"बिघडली, आई. कडू लागतीया."

"कांदा करपला व्हय?"

"व्हय. गेल्या साली बी अशीच हुती. मी बोललो न्हाय."

चिमणाबाई आपल्या लाल झालेल्या हातांकडे बघत बसली.

"बायका तोंडावर बोलल्या न्हाईत गं. ऱ्हाऊ दे मग. लोकास्नी कडू खायला घालून पाप कशाला घ्यायचं?"

तिनं मिरच्यांच्या पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. आईचे पाय धरावेत, सगळं सांगून टाकावं, असं स्वप्नालीला वाटलं. पण तिनं पोतं धरलं, आईला गाठ मारता यावी म्हणून.

"घरात खायापुरती इकत आण आता," चिमणाबाई म्हणाली. "ती अमरसिंहाची नवी निघालीया न्हवं, ती आण. शेजारणी म्हणत्यात, अगदी माझ्या पयल्या चटणीवानी लागती."