दीड फुटाचा मंच

आठव्या महिन्यात श्रुतिकाला मांडी घालता येईना. झालं! मुलुंडच्या संगीत मंडळाचे चिटणीस चंद्रप्रकाश वाटच बघत होते जणू.

"गुरुपौर्णिमेला तबल्यावर सुबोध बसेल," त्यांनी सभेत जाहीरच करून टाकलं. "तू आराम कर गं. आपल्या मंचावर खुर्ची चालत नाही. गायिका खाली बैठकीवर आणि साथीदार तिच्या डोक्यावर? शोभतं का?"

गायिका म्हणजे कुंदाताई, वय वर्षं बहात्तर. अकरा वर्षं श्रुतिका त्यांना साथ करत होती. पण कुंदाताई मान खाली घालून पदराशी चाळा करत बसल्या. तेच श्रुतिकाला जास्त लागलं.

घरी तिचा तबल्याचा क्लास होता. आठ मुली. त्यातल्या दोघींच्या आयांनी आधीच विचारलं होतं, "मॅडम, आता बंदच करणार ना? मग सुबोधसरांकडे घालतो." गुरुपौर्णिमेला ती वाजवताना दिसली नाही, तर उरलेल्या सहाजणीही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"बाळ पोटात आहे, हातांना काय झालंय?" ती नवऱ्यावरच डाफरली.

"माझ्यावर का ओरडतेस? काय करायचं ते सांग," राजेश म्हणाला.

"आधी मेजरिंग टेप शोध."

हॉलवर जाऊन दोघांनी मंचाची उंची मोजली. दीड फूट. खुर्चीची बैठकही दीड फूट. श्रुतिका खुदकन हसली.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने मंचासमोर, खाली फरशीवर, टेबल लावलं. त्यावर तबला-डग्गा. घरी महिनाभर ती असंच शिकवत होती, हात बसला होता. खुर्ची ओढून ती ऐटीत बसली. वर सुबोध तबला लावायची हातोडी धरून बघतच राहिला.

चंद्रप्रकाश तरातरा मंचाच्या कडेला आले. "हे काय चालवलंयस?"

"मंचावर खुर्ची नको म्हणालात. ही कुठे मंचावर आहे? आणि कुंदाताईंपेक्षा मी एक इंचही उंच नाही. मोजून घ्या, टेप आहे पर्समध्ये."

"अगं, गायिका वर, तबला खाली! अशी साथ असते का कुठे?"

"नसते," मंचावर बसलेल्या कुंदाताई म्हणाल्या.

कुंदाताई मंचाला हात टेकत, कण्हत उठल्या. उठायला त्यांना चांगली दोन मिनिटं लागली. सगळा हॉल बघत होता.

"पाच वर्षं गुडघ्यांनी जीव घेतलाय माझा. तोंड उघडलं असतं तर मलाही आरामच करायला लावलं असतंस ना रे, चंद्रप्रकाश? म्हणून गप्प बसले. परवा सभेतही गप्प बसले, ते चुकलंच माझं." त्या सुबोधकडे वळल्या. "खाली एक खुर्ची मांड. तिच्या शेजारी."

सुबोधने मुकाट्याने खुर्ची मांडली आणि त्यांना हात धरून खाली आणलं. मंचावर उरले चंद्रप्रकाश आणि माईक.

श्रुतिकाचे डोळे भरले होते, पण रडायला वेळ कुणाला होता! तिने दुसऱ्या रांगेतल्या आयांकडे वळून ठणकावलं, "मंगळवारी क्लास आहे. पाच म्हणजे पाच."

आणि तबल्यावर थाप मारली.