आधी चढवलेली खोकी

धाकट्या जावेचं सगळंच आधी होतं, हे थोरलीला कुसळासारखं सलायचं. दोघी शाळेची दप्तरं शिवून द्यायच्या, दोघींचे कारखाने एकाच गल्लीत समोरासमोर. नवी मशीन आली ती आधी धाकटीकडे, मोठी ऑर्डर मिळाली तीही आधी धाकटीलाच. म्हणून या खेपेला दोघींच्या दप्तरांना लावायच्या चेनी परदेशातून एकाच कंटेनरमध्ये मागवायचं ठरलं, तेव्हा थोरलीने एजंटला बजावलं, "माझी खोकी आधी चढवायची. तिची मागून."

"अहो वहिनी, पण आधी चढलेलं..."

"पण नाही नि बिण नाही. लिहून घ्या."

मग समुद्रातली नेहमीची वाट बंद झाली. जहाज लांबच्या वळशाने निघालं, ते तीन आठवडे उशिरा पोचलं; आणि तशीच रखडलेली कितीतरी जहाजं एकदमच बंदरात येऊन थडकली. गोदामात एका कंटेनरला माल उतरवायला एकच तास. राहिला माल तर पुन्हा नंबर लागेपर्यंत आतच. इकडे थोरलीची तीनशे दप्तरं चेनीवाचून तोंड वासून पडलेली. सोमवारी दिली नाहीत तर ऑर्डर रद्द!

दार उघडलं. पहिलं खोकं धाकटीचं. दुसरं धाकटीचं. विसावंही धाकटीचं. तास संपला, दार लागलं.

"माझी कुठायत?"

"पार आतल्या भिंतीला, वहिनी," एजंट म्हणाला. "आधी चढतं ते शेवटी उतरतं. तेच तर सांगत होतो. आता दहा दिवसांनी."

संध्याकाळी ती कारखान्यातल्या देवापुढे हात जोडून बसली. ओठांवर देवाचं नाव, डोळ्यांपुढे धाकटीची खोकी.

तेवढ्यात धाकटीच दारात उभी, कमरेवर खोकं.

"ताई, तुमच्या ऑर्डरीपुरत्या चेनी आणल्यात. माझी ऑर्डर महिनाअखेरची आहे, तुमच्या आल्या की द्या परत. एजंट म्हणाला, दाराजवळची जागा तुम्हीच मला सोडलीत. इतकं कोण करतं हो?"

म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे! थोरलीला खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण जीभ रेटेना.

"बस ना," ती कशीबशी म्हणाली. "शेजारची मशीन रिकामी आहे. दोघी मिळून लावू."

धाकटी लगेच बसली. घटकाभराने थोरलीने चोरून पाहिलं. तिची स्वतःची पाच दप्तरं झाली होती. धाकटीची सात.